डायव्हिंगला जाताना चाकू न्यावा की कात्री?

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या सणाच्या दुसऱ्या दिवसाच्या, सकाळी बडोद्यात झाडाझाडांवर पतंगांची दोरी लोंबत असते आणि जखमी पक्षी सोडवणारी मंडळी हातात कात्री घेऊन गल्लीबोळांतून फिरत असतात. त्यांच्या हातातली कात्री एकदा नीट पाहा. टोकं बोथट असतात, पाती आखूड असतात. पंखात गुंतलेली दोरी ते कधीच ओढत नाहीत. आधी एका हातानं पक्षी धरतात, मग दोरी कुठून कुठे गेली आहे ते बघतात आणि तुकड्या-तुकड्यानं कापतात. चाकू कुणाच्याच हातात दिसत नाही, आणि त्याला कारण आहे. सैल दोरी चाकूनं कापली जात नाही. ती चाकूबरोबर सरकते.

पाण्याखाली त्या पक्ष्याच्या जागी आपण असतो. तरीही डायव्हिंगचं सामान घ्यायला निघालेला माणूस आधी पोटरीला बांधायचा लांबलचक सुरा बघतो. तो फोटोत छान दिसतो, पण जाळ्यात अडकल्यावर बहुतेक वेळा तिथवर हातच पोचत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला जाऊन पहिल्यांदाच वीस-पंचवीस मिनिटांची, नुसती ओळख करून देणारी डायव्ह करणार असाल, तर यातलं काहीही विकत घेऊ नका. तिथे प्रशिक्षक तुमच्या हवेच्या टाकीला धरूनच असतो आणि कापायचं काम त्याचं असतं. हा लेख ज्यांनी ओपन वॉटरचा (डायव्हिंगचा पहिला) कोर्स केला आहे, बडीबरोबर (डायव्हिंगच्या जोडीदाराबरोबर) स्वतः डायव्ह करतात आणि दर हंगामात दोन-तीन सहली काढतात त्यांच्यासाठी आहे. बडोद्याला सर्वांत जवळचा समुद्र खंबातच्या आखाताचा. तिथे भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो आणि पाणी कायम गढूळ असतं, त्यामुळे तिथे डायव्हिंगचा प्रश्नच येत नाही. मग द्वारकेजवळचं शिवराजपूर, मालवण, गोव्याचं ग्रँड बेट, मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी किंवा थेट अंदमान. या ठिकाणी बीसीडी (हवा भरून तरंगायला मदत करणारं जॅकेट), रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाला देणारं यंत्र), टाकी भाड्यानं मिळते. कापायचं हत्यार मात्र भाड्याच्या सामानात सहसा नसतं. म्हणून ते घरूनच न्यावं लागतं.

आधी ठरवा, अडकणार कशात

शार्कपासून बचाव वगैरे डोक्यातून काढून टाका. हे हत्यार फक्त दोरीसाठी आहे. आपल्या किनाऱ्यांवर दोरी चार प्रकारची भेटते.

पहिली म्हणजे तंगूस, गळाला लावतात तो नायलॉनचा एकपदरी पारदर्शक धागा. जाडी साधारण ०.३ ते १ मिलिमीटर. पाण्यात दिसत नाही, अंगाला लागल्यावरच कळतो. दुसरं म्हणजे जाळं: नायलॉनचं असेल तर बारीक, पॉलिएथिलीनचं असेल तर जाडसर, हिरवं-निळं. तिसरा म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा दोर, बोयांना आणि नांगराला बांधतात तो, ६ ते १२ मिलिमीटरचा. चौथी म्हणजे गळाच्या टोकाला असलेली बारीक स्टीलची तार. ती क्वचित भेटते, पण भेटली की कात्री सोडून बाकी सगळी हत्यारं फुकट जातात.

यातलं काय कुठे मिळेल ते घनतेवरून ओळखता येतं. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास असते. नायलॉनची १.१४, म्हणून तंगूस आणि नायलॉनचं जाळं बुडतं आणि खडकावर, प्रवाळावर, बुडालेल्या जहाजाच्या कठड्यावर पसरून बसतं. ते पायात आणि फिन्सच्या (पोहायच्या पंखांच्या) पट्ट्यात अडकतं. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१ आणि पॉलिएथिलीनची ०.९५ च्या जवळपास. ही दोन्ही तरंगतात. खाली कशाला तरी अडकलेला असा तुटका दोर कमानीसारखा वर उभा राहतो, आणि आपण खाली बघत पोहत असताना ती कमान बरोबर डोक्यामागे, टाकीच्या व्हॉल्व्हला येऊन बसते. म्हणजे एक दोरी खाली, पायांशी अडकते आणि दुसरी पाठीमागे, जिथे स्वतःला दिसतही नाही. हत्यार निवडताना या दोन्हींचा विचार करायचा.

सुरी, विळी आणि अडकित्ता

बाजारात नावं पन्नास असली तरी हत्यारं तीनच जातींची, आणि तिन्ही आपल्या स्वयंपाकघरात आहेत.

डायव्हिंगचा चाकू म्हणजे सुरी. सुरीला खाली पाट लागतो, म्हणजे कापायच्या वस्तूला कुठून तरी आधार किंवा ताण लागतो. ताणलेला जाड दोर दातेरी पात्यानं चार-पाच ओढींत तुटतो. तोच दोर ढिला असेल तर आधी दुसऱ्या हातानं दुमडून, ताणून धरावा लागतो. चाकू घ्यायचाच असेल तर पातं ६ ते १० सेंटिमीटरचं पुरे. एक बाजू दातेरी, दुसरी साधी आणि मुठीजवळ तंगूस ओढून कापायला एक खाच असावी. टोक बोथट, चपटं हवं. टोकदार पातं घाईत स्वतःच्या बीसीडीत किंवा बडीच्या मांडीत घुसतं, आणि पाण्याखाली भोसकायचं असं काहीच नसतं. त्या टोकानं शिंपले उचकटणं, अडकलेला नांगर सोडवणं असले उद्योग केले की पातं वाकतं किंवा तुटतं. मुठीच्या टोकाला धातू असेल तर टाकीवर ठोकून बडीचं लक्ष वेधता येतं, तेवढा त्याचा जादा फायदा.

लाइन कटर म्हणजे विळी. पातं आत, एका फटीत बसवलेलं असतं. बोट कापायची भीती नाही, बीसीडी फाटायची भीती नाही. पण विळीवर भाजी आपणच पुढे ढकलतो, तशी इथे दोरी फटीत घालून ओढावी लागते. ताणलेलं तंगूस लोण्यासारखं कापलं जातं. सैल जाळ्यात मात्र कटर ओढला की अख्खं जाळं त्याच्यामागे येतं आणि गुंता आणखी आवळतो. दुसरी अडचण फटीच्या रुंदीची. फट ५ मिलिमीटरची आणि दोर ८ चा, तर तो आत जातच नाही. घेण्याआधी तीन-चार जाडीचे दोर खिशात टाकून न्या आणि फटीत घालून बघा. पातं बदलता येईल असाच कटर घ्या. ही पाती ब्लेडसारखी पातळ असतात, खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात, आणि गंजलेलं पातं बाहेरून दिसत नाही.

कात्री म्हणजे अडकित्ता. तिला पाट नको, ताण नको, दुसरा हात नको. दोन्ही जबडे तिचेच. डॉक्टरांच्या आणि रुग्णवाहिकेच्या सामानात असते ती ट्रॉमा कात्री, साधारण १८-१९ सेंटिमीटर लांब, पाती कोनात वळलेली, खालच्या पात्याला बोथट ओठ आणि बारीक दाते. सैल जाळं, तंगूस, बीसीडीचा नायलॉनचा पट्टा, पाच-सहा मिलिमीटरचा दोर, बारीक तार हे सगळं ती कापते. शहरातल्या कुठल्याही सर्जिकल सामानाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. विक्रेता नाणं कापून दाखवेल. ते बघून खूश होऊ नका. उलट नाणं कापलेली कात्री घेऊच नका, तिच्या धारेला तिथे खाच पडलेली असते. तुम्ही तिथे चिंध्या आणि तंगूस कापून बघा.

कात्रीचे दोष दोन. एक म्हणजे मधली खीळ. तिथे खारं पाणी साचतं, गंज धरतो, आणि दोन महिन्यांनी कात्री उघडायला दोन हात लागतात. खिळीच्या जागी स्क्रू असलेली कात्री खोलून पुसता येते. तोच स्क्रू ढिला पडला तर पाती एकमेकांपासून सुटतात आणि दोरी कापण्याऐवजी मध्ये चिमटते. म्हणून दर सहलीआधी स्क्रू तपासायचा. दुसरा दोष म्हणजे लांबी. तिच्यासाठी म्यान हवंच, खिशात उघडी टाकली तर तीच कशात तरी अडकते.

आमचं मत सरळ आहे. एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील तर कात्री घ्या. दोन घ्यायच्या असतील तर कात्री आणि लाइन कटर. चाकू तिसरा, तोही जाड दोरांशी रोज काम पडत असेल तर. पाण्याखाली जाड दोर कापत बसण्यापेक्षा सैल जाळ्यात अडकण्याची शक्यता आपल्याकडे कितीतरी जास्त. पण शेवटी दोन हत्यारं हवीतच, वेगवेगळ्या जातीची आणि वेगवेगळ्या जागी. पहिलं हातातून निसटून खाली गेलं तर त्याच्यामागे जायचं नसतं.

पोलादाची पारख

पात्यावर फक्त ‘स्टेनलेस’ कोरलेलं असेल तर त्याचा अर्थ जवळजवळ काहीच होत नाही. ३०४ आणि ३१६ हे पोलाद समुद्रात छान टिकतं, पण तापवून कडक करता येत नाही, म्हणून त्याला धार राहत नाही. ते मुठीला, बकलांना ठीक. ४२० हे स्वस्त चाकूंचं पोलाद. क्रोमियम १२ ते १४ टक्के, धार बऱ्यापैकी, गंज हळू. ४४०सी मध्ये कार्बन १ टक्क्याच्या आसपास असतो. धार उत्तम राहते, पण धुवायला विसरलात तर आठवड्यात तपकिरी ठिपके. पोलादात कार्बनऐवजी नायट्रोजन घालून बनवलेले एच१ आणि एलसी२००एन हे प्रकार समुद्रात जवळजवळ गंजतच नाहीत. महाग आहेत. टायटॅनियम तर गंजत नाहीच, वजनालाही हलकं, पण पोलादापेक्षा मऊ. साधी धार लवकर जाते, म्हणून टायटॅनियमचं पातं घ्यायचं तर दातेरीच घ्यावं. दाते बोथटले तरी करवतीसारखं काम करतात.

घरच्या घरी दोन परीक्षा करता येतात. पहिली फ्रिजच्या दारावरच्या चुंबकाची. पात्याला चुंबक घट्ट चिकटला तर ते कडक होणारं पोलाद: धार राहील, पण गंज धरू शकेल. चिकटला नाही किंवा जेमतेम चिकटला तर ते एक तर टायटॅनियम, नाही तर मऊ ३०४. त्यांतला फरक हातातच कळतो, कारण टायटॅनियमचं वजन त्याच आकाराच्या पोलादाच्या निम्म्याहून थोडं जास्त भरतं. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टीलच्या धंद्यातलं ओळखीचं कुणी असेल तर ते हातातलं यंत्र पात्याला लावून क्रोमियम, मॉलिब्डेनम सांगतात. त्या यंत्राला कार्बन मात्र दिसत नाही, आणि धार राहील की नाही हे कार्बनवरच ठरतं. म्हणून त्या आकड्यांवर फार विसंबू नका.

दुसरी परीक्षा मिठाची. समुद्रात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. लोणच्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बरणीत पाव लिटर पाणी आणि ९ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड सपाट छोटा चमचा. स्टीलच्या पातेल्यात हा प्रयोग नको, पातेलंही जाईल. हत्यार रात्रभर त्यात बुडवून ठेवा. सकाळी काढा आणि न धुता, न पुसता, ओलंच म्यानात घालून आणखी एक दिवस ठेवा. खरी परीक्षा या दुसऱ्या दिवसाची. स्टेनलेसवर क्रोमियमचा जो अदृश्य थर असतो तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे स्वतःची डागडुजी करत राहतो. म्यानाच्या फटीत ऑक्सिजन पोचत नाही, मिठातला क्लोराइड तो थर फोडतो आणि तिथेच गंज सुरू होतो. ठिपके कुठे आले ते बघा. पाठीवर एखाद-दुसरा आला तर चालेल. धारेवर, दात्यांच्या खोबणीत किंवा खिळीभोवती रांगच लागली असेल तर ते हत्यार एका हंगामाचं समजा.

बांधायचं कुठे

हत्यार कोणतं यापेक्षा ते कुठे बांधलं आहे हे जास्त महत्त्वाचं. नियम एकच: दोन्ही हात, प्रत्येकी एकटे, तिथे पोचले पाहिजेत. कारण कोणता हात अडकेल ते आधी ठरलेलं नसतं. अशी जागा अंगावर लहानच आहे, खांद्यापासून कमरेपर्यंतचा छातीसमोरचा पट्टा.

पोटरी यात येत नाही. पाय जाळ्यात असतील तर वाकता येत नाही, आणि पोटरीवरचं म्यान स्वतःच दोरी पकडतं. जुन्या पद्धतीनं बांधायचंच असेल तर पोटरीच्या आतल्या बाजूला, बाहेर कधीच नाही. घड्याळासारखं मनगटावर बांधलेलं कटर छान दिसतं, पण ज्या हातावर ते आहे त्या हाताला ते काढता येत नाही. वजनाच्या पट्ट्यावर नको. संकटात तो पट्टा सोडून द्यावा लागला तर हत्यारही त्याच्याबरोबर तळाला. बीसीडीच्या खिशात नको. खिशात टॉर्च, लिहायची स्लेट, एसएमबीची (पाण्यावर सोडायच्या खुणेच्या फुग्याची) रीळ, आणि या सगळ्याच्या खाली कात्री.

कटर डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर, छातीच्या उंचीला. कात्री बीसीडीच्या कमरेच्या पट्ट्यावर, बकलाच्या डावीकडे, आडवी. डावखुऱ्यांनी बाजू बदलावी. बसवायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचे कडे कापून घ्या. कुठल्याही सायकलवाल्याकडे फुकट मिळतात, ओले झाल्यावरही घट्ट धरतात, आणि तुटले तर बदलायला पैसे लागत नाहीत. वेल्क्रोच्या भरवशावर म्यान बांधू नका, वाळू गेली की वेल्क्रो सुटतं.

म्यान उलटं धरून दहा वेळा जोरात झटका. हत्यार हललं तरी म्यान नापास. तळाशी भोक आहे ना ते बघा, नाही तर खारं पाणी आतच राहतं. बटण अंगठ्यानं दाबून सुटतं का ते बघा. हातमोजे घालत असाल तर हातमोजे घालून बघा, कात्रीच्या कड्यांत बोटं जातात का तेही. मनगटात अडकवायची दोरी असावी की नसावी यावर वाद आहेत. आम्ही नको म्हणतो. गुंता सोडवताना हातात आणखी एक दोरी कशाला? तिच्याऐवजी दुसरं हत्यार ठेवा.

घरची तालीम

नवं हत्यार थेट समुद्रात नेऊ नका. तालमीला लागणारं सामान: अर्ध्या मिलिमीटरचं तंगूस दोन मीटर, ८ मिलिमीटरचा पॉलिप्रॉपिलीनचा दोर एक मीटर, जुन्या मच्छीजाळ्याचा एक तुकडा, बॅगेचा २५ मिलिमीटरचा नायलॉनचा पट्टा आणि एक बादली पाणी. उत्तरायणाची उरलेली दोरी यासाठी मुळीच वापरू नका. तिच्यावर काचेचा लेप असतो, दोन-तीन कापांत नवी धार जाते. नायलॉनच्या चायनीज मांजाचा तर प्रश्नच नाही, त्यावर बंदी आहे आणि तो घरात ठेवणंही अडचणीचं.

दोऱ्या रात्रभर बादलीत भिजवा. नायलॉन पाणी पितं आणि थोडं लवचिक होतं, त्यामुळे कोरड्या दोरीवर दिसलेली धार ओल्यावर तशीच राहील असं नाही. तंगुसाचं एक टोक खाटेच्या पायाला बांधा, दुसरं आपल्या कमरेला. एका हातानं, ताणलेली दोरी कापा. मग सैल सोडून कापा. तेच दुसऱ्या हातानं. मग डोळे मिटून. हे सगळं जाळ्यावर, दोरावर, पट्ट्यावर. कटर सैल जाळ्यात अडखळेल ते इथेच, दिवाणखान्यात कळेल. दोर फटीत शिरत नाही हेही इथेच कळेल.

मग संपूर्ण सामान अंगावर चढवून आरशासमोर उभे राहा. बीसीडी तोंडानं पूर्ण फुगवा. फुगल्यावर खांद्याचे पट्टे बाहेर सरकतात, आणि न फुगवता हाताशी असलेलं कटर काखेत गेलेलं सापडतं. तशा अवस्थेत डोळे मिटून उजव्या हातानं पाच वेळा काढा-ठेवा, डाव्या हातानं पाच वेळा. परत म्यानात ठेवणं जास्त अवघड असतं, तेच जास्त करा. जलतरण तलावात तालीम करायची असेल तर तिथल्या लोकांना विचारून करा. तिथे फक्त काढणं-ठेवणं, कापाकापी नको. दोरीचे तुकडे गाळणीत गेले की पुढच्या वेळी दारातूनच परत पाठवतील.

खरंच अडकलात तर

थांबा. पाय हलवणं पूर्ण बंद. प्रत्येक लाथ दोरीचा आणखी एक वेढा देते, आणि गोल वळून मागे बघायचा मोह झाला तर दोन वेढे. श्वास दोन-तीन वेळा लांब घ्या, गेज (उरलेली हवा दाखवणारं मापक) बघा, बडीला खूण करा.

मग आलात त्या दिशेनं वीतभर मागे सरका. ताण सुटला की बऱ्याचदा दोरी आपोआप गळून पडते, काही कापावं लागत नाही. नाहीच सुटली तर हातानं चाचपा: डोक्यामागे टाकीचा व्हॉल्व्ह, फिन्सचे पट्टे, गेजची नळी. बडी असेल तर पाठीमागचं काम त्याचं. त्यानं बाजूनं यायचं, जाळ्याच्या वरून नाही, नाही तर दोघेही आत.

कापण्याआधी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. अडकल्यावर माणूस वर जायला बघतो, आणि न कळत बीसीडीत हवा भरतो. आता दोरीच त्याला खाली धरून आहे. ती तुटली की तो थेट वर जाईल, आणि १५ मीटरवरून असं वर जाणं फुप्फुसांच्या जिवावर बेततं. म्हणून शेवटचा काप देण्याआधी बीसीडी रिकामी करा आणि थोडं खाली बसताय याची खात्री करा.

नळ्या आधी हातानं ओळखा. रबराची नळी बोटाएवढी जाड असते, दोरी नसते. तरी घाईत ती पात्याखाली येऊ शकते. शंका असेल तर दोन्ही बाजूंना चाचपत जा, नळीचं एक टोक रेग्युलेटरच्या पहिल्या, टाकीवर बसवलेल्या भागाला सापडतंच. काप नेहमी अंगापासून दूर, आणि जो भाग दिसतो तोच. तुटलेलं टोक लगेच सोडू नका. ते कुठे गेलं आहे ते बघा, नाही तर तेच पुन्हा अडकतं.

एकटे असाल आणि दोरी टाकीच्या मागे असेल तर आंधळेपणी मागे कात्री चालवायची नाही. बीसीडी काढून समोर घ्यावी लागते. रेग्युलेटर दातांत घट्ट. कमरेचं आणि छातीचं बकल सोडा, डावा हात आधी बाहेर काढा, आणि सगळं सामान उजव्या काखेखालून पुढे आणा. रेग्युलेटरची नळी उजव्या खांद्यावरून येते, म्हणून उजवा हात पट्ट्यातच राहू द्यायचा, नाही तर ती नळी तोंडातून ओढली जाते. वजनं बीसीडीतच असतील तर ती खाली जायला बघेल आणि तुम्ही वर. दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरा. हे कौशल्य ओपन वॉटरच्या कोर्समध्ये एकदा करून घेतात आणि मग कुणी करत नाही. वर्षातून एकदा तलावात करा.

सुटल्यावर हत्यार आधी म्यानात, मग पोहणं. मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू वर या. हवा असेल तर ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. तिथली डायव्ह संपली.

एक पोटविषय. समुद्रात दिसलेलं प्रत्येक जाळं कापत सुटायचं नसतं. टाकून दिलेली जाळी काढणं हे वेगळं, प्रशिक्षणाचं काम आहे. आणि जे जाळं कुणी कालच टाकलं आहे ते कोळ्याच्या पोटाचं आहे. जिवावर बेतलं असेल तर कापा, नंतर बोटीवर सांगा.

निगा आणि प्रवास

दर डायव्हच्या दिवसाअखेर गोड्या पाण्यात अर्धा तास, म्यानातून बाहेर काढून. कात्री पाण्यातच वीस-एक वेळा उघडा-मिटा. कोरडी करून खिळीवर एक थेंब खाण्याच्या प्रतीचं मिनरल ऑइल. खोबरेल नको, थंडीत थिजतं. बडोद्याच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कपाटात बंद बॅगेत ठेवलेलं हत्यार जूनमध्ये चकचकीत आणि सप्टेंबरात तपकिरी निघतं. म्यानात घालून ठेवू नका, मलमलीत गुंडाळून वेगळं ठेवा.

दातेरी पात्याला धार लावायची तर निमुळती सिरॅमिक सळई, प्रत्येक दातात वेगळी, आणि फक्त ज्या बाजूला उतार घासलेला आहे तिकडून. रस्त्यावरच्या धारवाल्याच्या चाकावर दिलं तर दाते गेले. ट्रॉमा कात्रीला धार लावत बसू नका, नवी घ्या.

विमानात ही सगळी हत्यारं, अगदी बोथट कटरसुद्धा, चेक-इनच्या बॅगेत. बडोद्याच्या हरणी विमानतळावर तपासणीत केबिन बॅगेतून निघाली तर तिथेच राहतील. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी परवान्याच्या कक्षेत येऊ शकते. वर सांगितलेला डायव्हिंगचा चाकू त्याच्या निम्माही नसतो. तरी सणासुदीला शहरात हत्यारबंदीचे जाहीरनामे निघतात, तेव्हा चाकू स्कूटरच्या डिकीत टाकून फिरू नका, सामानाच्या बॅगेतच राहू द्या. कटरचं पातं बदलाल त्या दिवशी म्यानाच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टीवर महिना आणि वर्ष लिहा, पुढच्या ऑक्टोबरात बॅग भरताना ते आधी बघा.